वशिंड येईपर्यंत

पहिल्या खेपेला मी ते छोटे फ्रेंच केक अप्पेपात्रात केले. गॅस बारीक, वर झाकण, घड्याळ लावून सात मिनिटं. खालून काळे, वरून पातळ आणि मधे कुठेतरी बोटभर केक. सासूबाईंनी झाकण उचलून पाहिलं. "हे तर गुलगुले झाले गं," त्या म्हणाल्या, "आणि तेही करपलेले."

सासूबाई अंडं खात नाहीत. ही गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सात महिन्यांत त्यांनी एकही केक चाखला नाही आणि तरी अर्धं काम त्यांच्यामुळे झालं.

या सगळ्याला कारण माझी नणंद. ऑफिसच्या कामासाठी ती चार महिने फ्रान्सला होती, जानेवारीच्या शेवटी परत आली. बॅगेतून एक डबा निघाला. आत शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक. एका अंगाला शिंपल्यावर असतात तशा रेघा, दुसऱ्या अंगाला मधोमध चांगलं टेंगूळ. माद्लेन म्हणतात त्याला. लोणी, अंडी, साखर, मैदा यापलीकडे फारसं काही नाही. क्रीम नाही, आयसिंग नाही. आपल्याकडे केक म्हटला की वर काहीतरी थापलेलं असायलाच हवं, त्यामुळे मुलाने एक उचलला, उलटापालटा केला आणि "बस, एवढंच?" म्हणून विचारलं. मग चार खाल्ले.

"हे पाकिटातले आहेत," नणंद म्हणाली. "भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटांत खाल्लास ना, तर हे फेकून देशील." मला वाटतं याच वाक्याने माझं डोकं फिरवलं.

या केकची गोष्टही तिनेच जेवताना सांगितली. लॉरेन प्रांतातलं कॉमर्सी हे त्याचं गाव. पोलंडचं राज्य गमावलेला राजा स्तानिस्लास तिथे ड्यूक म्हणून राहत होता. १७५५ साली म्हणे ऐन मेजवानीच्या वेळी त्याचा मुदपाकी भांडून निघून गेला, आणि माद्लेन नावाच्या एका मोलकरणीने आजीच्या पद्धतीचे साधे केक करून वेळ मारून नेली. राजाला ते इतके आवडले की त्याने तिचंच नाव त्यांना दिलं. ही दंतकथा आहे, कागदोपत्री पुरावा मागू नये. पण स्तानिस्लासची मुलगी फ्रान्सच्या पंधराव्या लुईची राणी होती, हे मात्र खरं. आणि केक तिच्यामार्फत व्हर्सायच्या राजवाड्यात पोचले असं सांगतात. सासूबाईंना एवढंच पटलं. "म्हणजे लेकीच्या घरी फराळ पाठवला," त्या म्हणाल्या. पुढे रेल्वे आली तेव्हा कॉमर्सीच्या फलाटावर बायका टोपल्यांतून हे केक विकायच्या म्हणे. आपल्या नागपूर स्टेशनावर गाडी थांबली की संत्रा बर्फीचे डबे खिडकीशी येतात, तसंच काहीसं असावं.

अप्पेपात्र फसल्यावर साचा हवा हे कळलं. एका शनिवारी नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारत हिंडले. मोदकाचा साचा मिळाला, करंजीचा मिळाला, एका दुकानदाराने तर चॉकलेटचा सिलिकॉनचा साचा पुढे करून "ताई, यात फुलं येतात, शिंपल्याचं काय घेऊन बसल्या" असं समजावलं. येताना मस्कासाथवरून आले. नावातच मस्का असलेल्या वस्तीतून लोण्याच्या केकचा साचा न घेता रिकाम्या हाताने परतणं जरा जिवावर आलं. शेवटी ऑनलाइन मागवला: पत्र्याचा, काळपट, नऊ खाचांचा.

साचा आला त्याच संध्याकाळी केक लावले. मिश्रण केलं, ओतलं, भाजलं. दोन पोटात गेले, सात साच्यात. म्हणजे साच्याला असे चिकटले की रेघा तिकडेच राहिल्या आणि हातात नुसते गोळे आले. टेंगूळ नाहीच. पाठीमागून सपाट, पाटासारखे.

इथून पुढे मी नीट शिकायला लागले.

पहिला घोळ अंड्यांचा होता. परदेशी कृतींत 'दोन अंडी' लिहिलेलं असतं ती अंडी कवचासकट साठ-पासष्ट ग्रॅमची. माझ्या दुकानातली पन्नासच्या आसपास भरतात. दोन अंड्यांमागे वीसेक ग्रॅमचा फरक पडला की एवढ्याशा घाण्यात मिश्रण घट्ट होतं. तेव्हापासून मी अंडी मोजत नाही, फोडून वजन करते. माझं आजचं प्रमाण असं आहे: फोडलेली अंडी १०० ग्रॅम, साखर ९०, मैदा १००, बेकिंग पावडर ४ ग्रॅम, चमचाभर मध, चिमूटभर मीठ आणि कढवलेलं लोणी ९० ग्रॅम. यात १४ केक होतात. पहिल्या फेरीत नऊ, दुसरीत पाच.

त्या शेवटच्या ९० ग्रॅमवर मी दोन महिने घालवले.

पोळीला लावतो ते पिवळं बटर वितळवून घातलं तर केक खारट लागले. बिनमिठाचं आणलं तर बरे झाले, पण नणंदेच्या डब्यातला तो वास नाही. मग वाचलं की बरेच फ्रेंच लोक यात लोणी नुसतं वितळवत नाहीत, ते जाळाच्या अलीकडे आणतात. लोण्यात ऐंशी टक्के स्निग्धांश, पंधरा-सोळा टक्के पाणी आणि राहिलेला थोडा दुधाचा चोथा. पाणी उडून गेलं की हा चोथा तळाशी बसून तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो. त्याला ते 'हेझलनटचं लोणी' म्हणतात, वासावरून आणि रंगावरून. मी केलं. काळ्या नॉनस्टिक कढईत केलं. रंग दिसलाच नाही, आणि दिसला तेव्हा सगळं लोणी काळं ठिक्कर. घरभर धूर.

सासूबाई देवघरातून उठून आल्या. "काय जाळून राहिलीस?"

मी सांगितलं. लोणी कढवायचं, पण पूर्ण तूप नाही करायचं, खालचा चोथा बदामी करायचा आणि गाळायचा नाही, तसाच केकमध्ये घालायचा.

"म्हणजे बेरी," त्या म्हणाल्या.

मी कढईकडे पाहत राहिले. पन्नास वर्षं ही बाई दर आठवड्याला लोणी कढवते आहे. लहानपणी मी स्वतः आईच्या पातेल्यातली बेरी साखर घालून खाल्ली आहे, भावाशी भांडून. आणि मी तीन दिवस व्हिडिओ पाहत होते, एक गोरा माणूस इंग्रजीत बेरी कशी करायची ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी लोणी त्यांनीच काढलं. आमच्याकडे दुधाची साय विरजण लावून साठवतात, आठवड्याने ताक घुसळून लोणी निघतं. फ्रान्सचं लोणीही बरंचसं असंच विरजलेल्या सायीचं असतं, हे मला नंतर कळलं. दुकानातल्या बटरपेक्षा आपल्या घरच्या लोण्यात पाणी आणि ताक जास्त असतं, म्हणून कढवल्यावर ते जास्त आटतं आणि बेरीही जास्त पडते. मी वजन केलं: २०० ग्रॅम लोण्याचे बेरीसकट दीडशेच्या आत-बाहेर भरले. त्यामुळे लोणी आधी मोजून उपयोग नाही, कढवून झाल्यावर मोजायचं.

पातेलं त्यांनी निवडलं. जाड बुडाचं, स्टीलचं, आतून चकचकीत. "काळ्या भांड्यात काय दिसणार, कप्पाळ?" मग गॅसशी उभं राहून त्यांनी मला चक्क कान लावायला सांगितलं.

लोणी वितळलं की आधी मोठमोठे बुडबुडे येतात आणि तडतड सुरू होते. ते पाणी. पाच-सात मिनिटं पातेलं बडबडत असतं. मग हळूहळू आवाज उतरतो. "आता बोलायचं थांबेल पाहा," त्या म्हणाल्या. खरंच थांबलं. एक क्षणभर पातेल्यात काहीच ऐकू येत नाही, आणि मग वर एकदम बारीक, साबणासारखा फेस चढतो. तूप करायचं असेल तर इथेच गॅस बंद करून त्या विड्याचं पान टाकतात. माझं काम इथून पुढे आणखी अर्धा-पाऊण मिनिट. उलथन्याने तळ खरवडत राहायचं. पांढरे कण पिवळे होतात, पिवळ्याचे बदामी, आणि बदामीचे काळे व्हायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. गॅस बंद केला तरी पातेल्याची धग काम करत राहते, म्हणून बदामी होण्याच्या जरा आधीच उतरवायचं आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवायचं. चर्र आवाज येतो. तो आला की झालं.

वास आला तेव्हा मी म्हटलं, "याला ते हेझलनट म्हणतात." सासूबाईंनी हेझलनट कधी खाल्लेला नाही. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "चारोळी भाजल्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर गोंदियाकडचं, तिकडे जंगलातली चारोळी घरात असायची. तेव्हापासून आमच्या घरी त्याला चारोळीचं लोणीच म्हणतात. आणि दर वेळी अंड्यात घालायच्या आधी पातेल्यातली चमचाभर बेरी वाटीत निघते, वर साखर, आणि वाटी देवघराकडे जाते. तो त्यांचा हिस्सा.

हे लोणी कढत-कढत अंड्यांत ओतायचं नाही, अंडं शिजतं. बोट बुडवून ठेवता येईल इतकं कोमट झालं की घालायचं, बेरीसकट, शेवटचा कणही पुसून.

स्वादाला फ्रेंच लोक लिंबाची साल किसून घालतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे मृग बहाराची संत्री. नागपुरात राहून लिंबू कोण किसेल? पण नागपुरी संत्र्याची साल किसून पाहा. ती आतल्या फळाला धरून नसतेच, सैल अंगरख्यासारखी असते. सोलायला हे फार छान, किसायला वैताग. किसणी फिरवली की साल दबते, घसरते, फाटते, पांढरा भाग निघतो आणि मग केक कडू. दोन संत्री फुकट घालवल्यावर जमलं ते असं: संत्रं तासभर फ्रिजमध्ये कडक गार करायचं, घट्ट आणि जड असलेलंच निवडायचं, आणि किसणी संत्र्यावर न फिरवता संत्रं हातात गोल फिरवत किसणीवरून हलकं न्यायचं. एका जागी एकदाच. नारिंगी रंग गेला की पुढे सरकायचं. किस सरळ साखरेत पाडायचा आणि बोटांनी साखरेला चोळायचा. लहानपणी संत्र्याची साल दाबून एकमेकांच्या डोळ्यांत फवारा उडवायचो ना, तेच तेल हे. साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि ओट्यापाशी उभं राहिलं तरी वास येतो.

मार्चपर्यंत चव जमली. टेंगूळ मात्र येईना.

सासूबाई त्याला टेंगूळ म्हणत नसत, वशिंड म्हणत. बैलाच्या पाठीवर असतं ते. "आज किती वशिंडं?" हा त्यांचा प्रश्न. मी साचा गॅलरीतून आत आणला की त्या दुरूनच मोजायच्या. शून्य. शून्य. एकदा एक, तेही वाकडं.

वशिंड का येतं हे समजल्याशिवाय ते आणता येणार नाही, इतकं मला कळलं होतं. शिंपल्याचा साचा कडेला उथळ आणि मधे खोल असतो. गरम भट्टीत गेला की कडेचं पातळ मिश्रण पत्र्याला टेकून झटकन शिजतं, बसतं. मधला जाड भाग तोवर कच्चा असतो. मग त्याची वाफ आणि बेकिंग पावडरचा वायू सुटायला लागतो, पण बाजूला सरकायला जागा नसते. उरतो एकच रस्ता, वर. म्हणजे कडा आणि मध यांच्या शिजण्यात जितकं अंतर, तितकं वशिंड उंच. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: मिश्रण अगदी गार आणि भट्टी अगदी कडक.

मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला लागले. मैदा पाणी पिऊन फुगतो, लोणी घट्ट होतं, सकाळी ते श्रीखंडासारखं चमच्यावर उभं राहतं. त्याला परत फेटायचं नाही, चमच्याने उचलून साच्यात टाकायचं, पाऊण खाच भरेल इतकंच. पसरवायच्या फंदात पडायचं नाही, भट्टीत आपलं आपण पसरतं. दोन-तीन वशिंडं दिसायला लागली.

भट्टीने मात्र मला महिनाभर फसवलं. माझी छोटी विजेची भट्टी मागच्या गॅलरीत असते, कारण अंड्याची भांडी, फेटणी, साचा सगळं तिथेच राहतं. स्वयंपाकघरात येत नाही. बटण २०० वर ठेवलं की मी समजायची आत २०० अंश. शेवटी साडेतीनशे रुपयांचा एक थर्मामीटर आणून आत टांगला. बटण २०० वर, आत १६५. दिवा विझला म्हणजे भट्टी तापली हेही खोटं. दांड्या लाल असतात, हवा तापलेली नसते. आता मी बटण शेवटापर्यंत फिरवते, वीस-पंचवीस मिनिटं थांबते, काटा २२० दाखवतो तेव्हाच साचा आत. चार मिनिटांनी १८० वर आणते. एकूण दहा-अकरा मिनिटं. काळा पत्रा लवकर तापतो म्हणून शेवटची दोन मिनिटं मी काचेसमोरून हलत नाही. आणि काय दिसतं म्हणता! पाचव्या मिनिटाला कडा वर येतात आणि मधे एक ओला डोळा राहतो, विहिरीसारखा. सहाव्या-सातव्याला तो डोळा फुगायला लागतो. फुगत, फुगत वर, मग माथ्यावर बारीक चीर. मी गॅलरीत उकिडवी बसून टाळ्या वाजवल्या आहेत. शेजारच्या काकूंनी कपडे वाळत घालता घालता "काय झालं वं?" म्हणून विचारलंही.

चिकटण्याचा प्रश्न तुपाने सुटला. पोळीला तूप लावायच्या ब्रशने रेघारेघांत पातळ तूप, वर मैदा भुरभुरवून साचा उलटा आपटायचा, मग साचा फ्रिजमध्ये. तेल लावू नका, ते खाली ओघळून रेघा कोरड्या राहतात.

आणि मग मे आला.

माझी अक्कल पाहा, गार मिश्रणाची गोष्ट नागपुरात शिकायला मी थंडी सोडून उन्हाळा निवडला. बाहेर ४५ अंश. गॅलरी पश्चिमेची. दुपारनंतर तिथे लोणी बाहेर ठेवलं तर मिनिटभरात तूप. मिश्रण फ्रिजमधून काढून साच्यात भरेपर्यंत पहिल्या तीन खाचांतलं वाहायला लागायचं. कूलरची हवा सोडली तर मैदा उडायचा. शिवाय संत्री संपलेली, आता लिंबंच. त्यातच एका रविवारी साचा भट्टीत गेला, सहावं मिनिट, डोळे फुगायला लागलेले, आणि लाइन गेली. मी दार न उघडता काचेला नाक लावून बसले. वशिंडं एकेक करून बसत गेली, हवा गेलेल्या फुग्यासारखी. अर्ध्या तासाने लाइन आली तेव्हा आत नऊ खोलगट वाट्या होत्या. मुलाने त्यांत आंब्याचा रस भरून खाल्ल्या. वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू.

उपाय दोन निघाले. एक, पहाटे साडेपाचला भाजायचं. तेव्हा गॅलरीही माणसात असते. दोन, मिश्रण रात्री साच्यातच भरायचं आणि भरलेला साचाच्या साचा फ्रिजमध्ये ठेवायचा, भाजायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. मग तो हातात घेऊन धावत गॅलरीत. थंडगार पत्रा भट्टीत टाकला तर कडा शिजायला उशीर होतो, म्हणून भट्टीत आधीपासून एक जाड ट्रे तापत ठेवते आणि साचा त्या ट्रेवर. खालून एकदम चटका बसतो. या युक्तीने २६ मेच्या पहाटे पहिल्यांदा नऊच्या नऊ आली. सासूबाई नुकत्याच उठल्या होत्या, तोंडात पाण्याची गुळणी होती. त्यांनी बोटं वर करून दाखवली: नऊ?

काढल्या काढल्या साचा लगेच उलटा करायचा आणि केक कुशीवर ठेवायचे, नाहीतर वाफेने कडा मऊ पडतात. दहा मिनिटांनी खाल्ला. कडेला पापडी, आत लुसलुशीत, वशिंडाशी जरासा ओलसर, आणि मागून ती बेरी. नणंदेने सांगितलं होतं ते खरं निघालं. संध्याकाळपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी कोरडे. ते चहात बुडवायचे, पण मग टोस्ट काय वाईट होता?

जून-जुलैत मी सराईत झाले आणि श्रावण लागला. श्रावणात आमच्या घरात अंडं येत नाही, गॅलरीतही नाही. महिनाभर साचा कागदात गुंडाळून ठेवला.

श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा. तिथे श्रावण संपतो, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं: मोठ्यांच्या बैलांचा पोळा झाला की मुलांचा पोळा, लाकडी नंद्यांचा. पोरं नटूनथटून, चाकावरचा नंदी दोरीने ओढत घरोघर येतात आणि त्यांना बोजारा द्यायचा असतो, पैसे किंवा खाऊ. मी रात्री दोन घाणे भिजवून ठेवले. पहाटे भाजले. २८ पैकी २६ वशिंडं. ताटात ओळीने मांडले तर खरोखर पोळ्याची रांग दिसत होती.

दुपारी चारपासून पोरं यायला लागली. ताट घेऊन दारात बसायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं, पण अट घातली. प्रत्येकाला आधी विचारायच्या, "अंडं चालते का रे तुमच्या घरी?" चालत असेल तर केक, नसेल तर दहाची नोट. बहुतेक पोरं "चालते" म्हणायची आणि नोटेकडे पाहत केक घ्यायची. सासूबाईंनी दोन्ही दिलं.

पाच वाजता कोपऱ्यावरच्या घरातला आला. फेटा डोळ्यांवर घसरलेला, नंदी त्याच्याएवढाच. ताटाकडे पाहिलं, नंदीकडे पाहिलं.

"याला पण वशिंड आहे," तो म्हणाला.

"आहे ना. अंडं चालते का रे तुमच्या घरी?"

त्याने विचार केला. "मला चालते. आईला नाही चालत."

"मग आईला विचारून ये," सासूबाई म्हणाल्या आणि ताट मांडीवर ओढून घेतलं.

तो क्षणभर उभा राहिला. मग नंदीची दोरी आमच्या फाटकाला बांधली, "कोणाला देऊ नका," म्हणाला, नंदीबद्दल की केकबद्दल ते कळलं नाही, आणि फेटा हातात धरून घराकडे पळाला.